पोर्क घेताना पाण्याकडे बघा

गेल्या नाताळाच्या तीन दिवस आधी मी मुंबईतल्या एका मोठ्या दुकानातून दोन किलो पोर्क आणलं. थर्माकोलच्या पांढऱ्या ताटल्या, त्यांवर घट्ट ताणलेलं प्लास्टिक आणि आत फिकट गुलाबी, चरबीचा मागमूस नसलेले, एकाच मापाने कापलेले तुकडे. बघताक्षणी मन भरलं. घरी येऊन व्हिनेगर, लसूण, जिरं, दालचिनी आणि काश्मिरी मिरचीच्या वाटणात रात्रभर मुरत ठेवलं. विंदालूचं हे वाटण आईपासून हाताला बसलेलं आहे, त्यात कसलाही बदल नव्हता. सकाळी पातेलं गॅसवर चढवलं, पाण्याचा थेंबही घातला नाही. अर्ध्या तासाने झाकण उचललं तर तुकडे रश्श्यात पोहत होते. ते पाणी आटवता आटवता मांस आक्रसत गेलं आणि ताटात आलं तेव्हा सुपारीएवढं झालेलं, दाताखाली कापसाच्या बोळ्यासारखं कोरडं. जेवायला चौदा माणसं होती. सगळ्यांनी निमूट खाल्लं, आणि त्या निमूटपणाचं मला जास्त वाईट वाटलं.

दोष वाटणाचा नव्हता, आचेचाही नव्हता. ताटली उघडताना तळाशी घातलेला पाणी शोषणारा जाड कागद फुगून चिंब झालेला मी पाहिला होता, आणि पाहून सरळ कचऱ्यात टाकला होता. सगळी गोष्ट त्या कागदात होती.

वसईला आमच्या गावात रविवारी सकाळी चर्च सुटलं की पोर्कच्या दुकानाशी बायकांची गर्दी होते. तिथे ताटल्या नाहीत. आकड्याला अर्धं डुक्कर टांगलेलं असतं आणि विकणारा विचारतो, मांडीचं देऊ की खांद्याचं, चरबी किती ठेवू. मी लग्नानंतर पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा पुढे मांडलेल्या तुकड्यांपैकी सगळ्यांत गोरा तुकडा बोटाने दाखवला. म्हातारा दुकानदार म्हणाला, "बाय, रंगाला भुलू नको. बोट दाबून बघ. खड्डा वर आला पाहिजे आणि बोट ओलं नाही झालं पाहिजे." तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याची सवय असेल. पुढे मांसशास्त्राची पुस्तकं वाचायला घेतली आणि लक्षात आलं की त्या दोन वाक्यांत या शास्त्राचा निम्मा भाग येऊन गेला होता.

ताज्या मांसात जवळजवळ पाऊण हिस्सा पाणीच असतं. किलोभर चरबीविरहित पोर्क म्हणजे सातशे ग्रॅमहून जास्त पाणी आणि उरलेली प्रथिनं, थोडी चरबी, क्षार. तेव्हा चांगल्या आणि वाईट पोर्कमध्ये पाणी किती आहे यापेक्षा मांस ते धरून ठेवतं की सोडून देतं, याने फरक पडतो. धरून ठेवणारं मांस शिजल्यावर रसाळ राहतं. सोडून देणारं मांस आधी ताटलीत सोडतं, मग पातेल्यात सोडतं, आणि आपण त्या पाण्याचे मांसाच्या भावाने पैसे मोजलेले असतात.

हे धरणं-सोडणं कत्तलीनंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत ठरतं. जिवंत जनावराच्या स्नायूचा पीएच ७ च्या आसपास असतो. रक्त थांबलं की प्राणवायू बंद होतो, पण स्नायूच्या पेशी लगेच थंडावत नाहीत. त्या आपल्याजवळ साठवलेलं ग्लायकोजेन प्राणवायूविना वापरत राहतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल साचत जातं. दूध विरजताना होतं तसंच काहीसं. हे सावकाश झालं तर चोवीस तासांनी पीएच ५.६-५.७ वर येऊन थांबतो आणि मांस उत्तम बनतं. स्नायूतल्या प्रथिनांच्या तंतूंवर विद्युतभार असतात. सारखे भार एकमेकांना दूर सारतात, तंतूंमध्ये फटी राहतात आणि त्या फटींत पाणी अडकून बसतं. आम्ल वाढत वाढत पीएच ५.२ च्या जवळ पोचला तर भार संपतात, तंतू एकमेकांना चिकटतात आणि पाणी बाहेर ढकललं जातं.

डुकराच्या बाबतीत आणखी एक संकट आहे. मारण्यापूर्वी जनावर पळवलं, काठीने मारलं, अनोळखी डुकरांत कोंबून भांडायला लावलं, तर त्याचे स्नायू आधीच पेटलेले असतात. मग आम्ल धडाधड तयार होतं आणि शरीर अजून जवळजवळ जिवंतपणीइतकंच गरम असताना, पाऊण तासाच्या आत पीएच ६ च्या खाली जातो. उष्णता आणि आम्ल एकदमच आले की प्रथिनं कच्च्या मांसातच अर्धवट शिजल्यासारखी बिघडतात. बिघडलेली प्रथिनं प्रकाश जास्त परतवतात, म्हणून मांस फिकट दिसतं. ती पाणी धरत नाहीत, म्हणून मांस मऊ, लिबलिबीत आणि ओलं असतं. फिकट, मऊ, पाझरणारं, ही या मांसाची तीन लक्षणं आणि इंग्रजीत याच तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला पीएसई म्हणतात. माझी नाताळची ताटली हीच होती. जे मला गोरं आणि देखणं वाटलं ते त्या जनावराच्या शेवटच्या तासाभराच्या भीतीचं चिन्ह होतं. हे कळल्यापासून फिकट पोर्क बघितलं की मला नुसती चवीची काळजी वाटत नाही.

डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकातच शास्त्रज्ञांनी या मांसाची नोंद केली होती. पण पुढच्या काळात ते कमी न होता वाढलं, आणि त्याला ग्राहकही जबाबदार होते. लोकांना चरबी नको झाली, म्हणून कमी चरबीची, जास्त मांसाची डुकरं निवडून त्यांची पैदास केली गेली. बेल्जियमची पिएत्रँ ही जात त्यांत गाजलेली, मांड्या भरदार आणि चरबी अगदी पातळ. या भरदार डुकरांत काही अशी निघाली की ट्रकमध्ये चढवताना नुसत्या धास्तीने मरायची. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये पिलांना हॅलोथेन ही भुलीची वाफ हुंगवून अशी डुकरं ओळखायची पद्धत निघाली. दोष असलेलं पिलू काही मिनिटांतच ताठ होऊन जायचं. माणसांतही भुलीखाली शरीर एकदम तापून जीव धोक्यात येतो असा एक दुर्मिळ आजार आहे, आणि दोन्हींचं मूळ स्नायूतल्या कॅल्शियमची दारं उघडणाऱ्या एकाच प्रथिनात निघालं. १९९१ साली कॅनडातल्या संशोधकांनी डुकरातल्या त्या जनुकात नेमकं एक अक्षर बदललेलं दाखवून दिलं. त्यानंतर रक्ताच्या थेंबावरून तपासणी करून हा दोष पैदाशीतून बाजूला काढणं शक्य झालं.

दुसरा दोष हॅम्पशायर जातीत सापडला. या डुकरांच्या स्नायूंत ग्लायकोजेन बेसुमार साठतं, त्यामुळे आम्लही शेवटी जास्त होतं. फ्रान्समध्ये हॅम शिजवल्यावर वजन किती उरतं हे मोजण्याची एक चाचणी होती, तिचं नाव नापोल. नाव नेपल्स शहरावरून आलेलं वाटतं, पण ते नावो, पोमरे आणि लेशो या तीन संशोधकांच्या नावांच्या सुरुवातीची अक्षरं जोडून केलेलं आहे. हॅम्पशायरमधल्या या दोषाच्या जनुकाला त्या चाचणीचंच नाव मिळालं. भारतात परदेशी वाणांत लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस आणि हॅम्पशायर पाळली जातात, त्यामुळे आपल्यासाठी ही परक्या गावची गोष्ट नाही.

याच्या उलटही घडतं. जनावर दिवसभर उपाशी, ट्रकमध्ये हेलकावे खात आलं, तर त्याचं ग्लायकोजेन आधीच संपलेलं असतं. आम्ल तयारच होत नाही, पीएच ६ च्या वर राहतो. असं मांस गडद, घट्ट आणि कोरडं दिसतं. पाणी ते घट्ट धरतं, शिजवलं तर रसाळही लागतं, पण आम्ल नसल्याने जंतूंना मोकळं रान मिळतं आणि ते लवकर नासतं. दुकानदार "आजचंच आहे" म्हणत असेल आणि मांस काळपट लाल, वरून चिकट असेल, तर मी घेत नाही. घ्यायचंच झालं तर त्याच दिवशी शिजवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही.

मग रंग कोणता हवा? आतून लाल असणारा पेरू कापला की जो रंग दिसतो, त्याच्या जवळपासचा. पांढुरका नको, जांभळट नको. जपानमध्ये सहा छटांच्या चकत्यांशी ताडून पोर्क तपासतात आणि अमेरिकेतही १ ते ६ अशी छटांची मोजपट्टी आहे. दोन्हीकडे मधल्या छटांना मान आहे, टोकाच्या फिकट छटेला नाही. मात्र तुलना करायची तर एकाच भागाची करावी. खांद्याचं मांस चॉपच्या मांसापेक्षा मुळातच गडद असतं, कारण तो स्नायू दिवसभर काम करतो. आणि काचेच्या कपाटातल्या दिव्यावर विश्वास ठेवू नये. मांस लालस दिसावं म्हणून गुलाबीसर प्रकाशाचे दिवे खास विकत मिळतात. मी पाकीट उचलते आणि दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन बघते. आजवर मला कुणी अडवलेलं नाही.

फिकटपणाला मान कसा मिळाला, याची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८७ साली अमेरिकेतल्या पोर्क उत्पादकांनी पोर्क म्हणजे "दुसरं पांढरं मांस" अशी जाहिरात सुरू केली. कोंबडीशी स्पर्धा होती आणि लोकांना लाल मांसाची धास्ती होती. जाहिरात प्रचंड चालली. वास्तविक पोषणशास्त्राच्या हिशेबात पोर्क लाल मांसातच मोडतं. पण गोरं ते हलकं, गोरं ते चांगलं, ही समजूत जगभर पसरली आणि मीही तिला बळी पडले.

चरबीबद्दलही असाच गैरसमज आहे. मांसाच्या आत केसासारख्या बारीक पांढऱ्या रेषा दिसल्या तर बायका "चरबीचं आहे" म्हणून बाजूला सारतात. त्या रेषा शिजताना वितळतात आणि तंतू मऊ ठेवतात. विंदालू, सोरपोतेल, आमसुलं घालून केलेलं सुकं, यांतलं काहीही चरबीशिवाय जमत नाही. बघायचं ते चरबीचा पोत. ती पांढरीशुभ्र आणि घट्ट हवी, नख लावलं तर कोरली जावी, बोटाला तेलकट चिकटू नये.

इथे डुक्कर आणि बकरा यांच्यात मोठा फरक आहे. बकऱ्याच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात, रवंथ करण्यापूर्वी, जंतू चाऱ्यातल्या तेलाचं रूप बदलून टाकतात, त्यामुळे बकरा काहीही खावो, त्याची चरबी घट्टच राहते. डुकराला माणसासारखं एकच पोट. जे तेल खाल्लं ते बऱ्याच अंशी तसंच त्याच्या चरबीत जाऊन बसतं. म्हणून डुकराच्या चरबीवरून त्याचं खाणं ओळखता येतं. हॉटेलांतलं तेलकट उरलंसुरलं खाल्लेल्या डुकराची चरबी मऊ, पिवळसर असते आणि लवकर खवट होते. मासळीबाजारातल्या कचऱ्यावर पोसलेल्याच्या चरबीला मासळीचा वास मारतो, आणि तो कुठल्याही मसाल्याने जात नाही. हाच गुण स्पेनमध्ये सोन्याच्या भावाने विकला जातो. तिथली इबेरिको डुकरं शेवटचे काही महिने ओकच्या झाडाखाली पडलेली फळं खातात आणि त्यांची चरबी बोटाच्या उबेनेच वितळू लागते. त्यावर इतकी बनवेगिरी होऊ लागली की २०१४ मध्ये सरकारने मांडीला चार रंगांचे बिल्ले ठरवून दिले. काळा शुद्ध जातीच्या आणि ओकच्या फळांवर वाढलेल्या डुकराचा, लाल तशाच खाण्यावरच्या पण मिश्र जातीचा, हिरवा रानात चरून दाणाही खाल्लेल्याचा, आणि पांढरा गोठ्यात दाण्यावर वाढलेल्याचा. एका बिल्ल्यात जात आणि खाणं दोन्ही सांगणारी अशी सोय आपल्याकडे यावी असं मला मनापासून वाटतं.

कारण आपल्याकडे "गावठी" हा शब्द कुणीही वापरतो. गोव्यात आगोंदा गोअन या काळ्या देशी डुकराची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे, पण दुकानातल्या गावठी पोर्कचा त्या नोंदीशी संबंध असेलच असं नाही. माझी पद्धत सोपी आहे. सालीसकट तुकडा मागते. गावठी डुक्कर सावकाश वाढतं, लहान राहतं, म्हणून चॉपचा गोल लहान आणि वरचा चरबीचा थर जाड असतो. हातभर रुंद, चरबी नसलेला चॉप दाखवून कुणी गावठी म्हणत असेल तर मी हसून पुढे जाते. रानडुकराचं म्हणून कुणी विकत असेल तर तिथे थांबूच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते विकता येत नाही, आणि ते मांस कुणीही तपासलेलं नसतं.

वासाचं एक वेगळंच प्रकरण आहे. खच्ची न केलेल्या वयात आलेल्या नराच्या चरबीत दोन पदार्थ साठतात, अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल. पहिल्याला घामाचा, मुताचा वास, दुसऱ्याला शेणाचा. कच्च्या थंड मांसात ते कळत नाही, गरम झालं की घरभर होतं. आणखी गंमत म्हणजे अँड्रोस्टेनोनचा वास काही माणसांना येतच नाही. नाकातल्या एका ग्राहीच्या जनुकावर ते अवलंबून असतं, हे २००७ मध्ये सिद्ध झालं. आमच्या घरात सासूबाई "वास मारतोय" म्हणायच्या आणि सासरे "काही नाही, तुझं आपलं काहीतरी" म्हणायचे, आणि दोघंही खरं बोलत होते. यावर उपाय एकच. जास्त मांस घ्यायचं असेल, लग्नाचं किंवा नाताळाचं, तर आधी चरबीचा लहान तुकडा आणावा, कोरड्या तव्यावर तापवावा आणि घरातल्या दोन-तीन जणांना हुंगायला सांगावं.

आता पाकिटावरच्या अक्षरांकडे येऊ. ती अक्षरं वाचतानाही माझा पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. भारतात पाकीटबंद मांसावर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण, चौदा अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, भरल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, आणि घटकांची यादी असायला हवी. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ताज्या पोर्कच्या यादीत पोर्कशिवाय काही असायचं कारण नाही. तिथे पाणी, मीठ आणि ४५०, ४५१ किंवा ४५२ हे आयएनएस क्रमांक दिसले तर समजावं की मांसात फॉस्फेटचं खारं पाणी भरलं आहे. फॉस्फेट मांसाचा पीएच थोडा वर नेतं, तंतूंमधल्या फटी रुंदावतात आणि त्यांत जास्त पाणी मावतं. मघाशी सांगितलेलंच रसायन, फक्त उलट्या दिशेने आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून. सॉसेज आणि सलामीच्या यादीत पाणी दुसऱ्या क्रमांकावर दिसलं तर मी पाकीट खाली ठेवते.

न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने एकदा फोन केला. आमच्याच कृतीने केलेलं विंदालू तिच्याकडे खारट झालं होतं आणि मांस रबरासारखं लागत होतं. तिला पाकीट वाचायला सांगितलं. मोठ्या अक्षरांत जातीचं कौतुक, आणि नावाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, की यात बारा टक्क्यांपर्यंत पाणी, मीठ आणि सोडियम फॉस्फेटचं द्रावण आहे. म्हणजे किलोमागे शंभर ग्रॅमच्या वर खारं पाणी ती मांसाच्या भावाने आणत होती आणि वरून आपलं मीठ घालत होती. अमेरिकेत २०१६ पासून हे प्रमाण पदार्थाच्या नावातच लिहिणं बंधनकारक आहे, त्यामुळे शोधलं की सापडतं. तिकडे राहणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. "संप्रेरकं वापरलेली नाहीत" असं मोठ्याने लिहिलेलं असतं, पण अमेरिकेत डुकरांना संप्रेरकं द्यायला मनाईच आहे, आणि ते वाक्यही तिथेच छापावं लागतं. म्हणजे त्या दाव्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. आणि "नैसर्गिक" याचा अर्थ कृत्रिम घटक नाहीत आणि प्रक्रिया कमीत कमी, इतकाच. डुक्कर कसं वाढलं, काय खाल्लं, कुठे झोपलं, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

बेकन, हॅम आणि सलामीचा गुलाबी रंग नायट्राइटचा असतो, आपल्या यादीत आयएनएस २५०. ते घातक जंतूंना रोखतं, हे खरं. पण अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. काही पाकिटांवर "नायट्राइट घातलेलं नाही" असं असतं आणि खाली सेलरीची पूड. त्या पुडीत नायट्रेट भरपूर असतं आणि त्याचं पुढे नायट्राइटच होतं. मुलांच्या डब्यात रोज सॉसेज देणाऱ्या आयांना मी हे हात धरून सांगते.

निर्वात पाकिटाने घाबरून जाऊ नये. प्राणवायू नसल्याने आतलं मांस काळसर दिसतं आणि उघडल्यावर क्षणभर कोंदट वास येतो. पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवलं की रंग खुलतो आणि वास जातो. नाही गेला तर मात्र परत करावं. पाकिटाच्या तळाशी लालसर पाणी बोटभर साचलं असेल, किंवा गोठवलेल्या पाकिटात आतल्या बाजूला बर्फाचे खडे दिसत असतील, तर ते एकदा वितळून पुन्हा गोठलेलं असण्याची शक्यता मोठी. सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात आणि वितळताना पाणी निघून जातं. म्हणून घरीसुद्धा गोठलेलं मांस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सोडवावं, कधीही ओट्यावर नाही.

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. कापलेल्या मांसात, तंतूंच्या मध्ये, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे अर्धपारदर्शक दाणे दिसले आणि त्यांत एक पांढरा ठिपका असला, तर ती पट्टकृमीची पिशवी आहे. ते मांस घेऊ नये, दुकानदाराला दाखवावं आणि शेजारणीलाही सांगावं. माणसाच्या उघड्या शौचातून डुकराला ही लागण होते. असं मांस कच्चं राहिलं तर आपल्या आतड्यात कृमी वाढतो. मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा आजार मात्र मांसातून होत नाही. तो कृमीच्या अंड्यांनी होतो, म्हणजे लागण झालेल्या माणसाच्या न धुतलेल्या हातांतून, घाण पाण्यातून, कच्च्या भाजीतून. जन्मभर शाकाहारी असलेल्यांनाही तो होतो. बांधीव गोठ्यात, दाण्यावर वाढलेल्या आणि तपासून कापलेल्या डुकरात ही भीती फारच कमी, म्हणून डुक्कर कुठून आलं हे विचारायला लाजू नये. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकी स्वाइन फीव्हर आला तेव्हा लोकांनी घाबरून पोर्क सोडलं होतं. तो रोग डुकरांना मारतो, माणसाला होत नाही.

शिजवण्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड तुकड्यासाठी आतलं तापमान ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा पुरेसा ठरवला, खिम्यासाठी ७१ अंश. चॉप तव्यावर करताना हे उपयोगी पडतं, कारण त्याच्या पुढे प्रत्येक अंशाला मांस पिळलं जातं. आपल्या रश्श्यांत खांद्याचं मांस घ्यावं. त्यात स्नायू बांधणारा पापुद्रा जास्त असतो, तो मंद आचेवर दीड-दोन तासांनी विरघळतो आणि पाणी गेलं तरी घास मऊ लागतो. मांडीचं मांस लांबवून शिजवलं की फक्त कोरडं होतं.

या वर्षी नाताळाच्या आधी मी प्रयोगशाळेत करतात तोच प्रयोग स्वयंपाकघरात केला. तिथे मांसाचा मोजलेला तुकडा दोऱ्याने बंद पिशवीत असा लटकवतात की तो पिशवीला टेकणार नाही, आणि ४ अंशांवर चोवीस तास ठेवून किती पाणी गळलं ते मोजतात. वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त गळालं तर ते मांस पाझरणाऱ्यांत जमा. मी दोन तुकडे आणले, दोन्ही चॉपच्या भागाचे, दोन्ही शंभर ग्रॅमचे. एक त्याच मोठ्या दुकानातला आणि दुसरा वसईच्या दुकानातला. म्हातारा आता बसत नाही, त्याचा मुलगा बसतो. डुकरं आदल्या संध्याकाळी आणून रात्रभर पाणी देऊन शांत ठेवतो आणि पहाटे कापतो. दोन्ही पिशव्या फ्रिजच्या जाळीला बांधल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने दार उघडून मला हाक मारली. एका पिशवीच्या तळाशी गुलाबी पाणी चमचाभर साचलं होतं. दुसऱ्या पिशवीच्या कोपऱ्यात जेमतेम दोन-तीन थेंब होते. तिने तो दुसरा तुकडा सोडवून पाटावर ठेवला, बोटाने दाबला, खड्डा वर आला, आणि मग आपलं बोट उजेडात धरून बघितलं.